मुसकं

आण्णानं फटफटी चालू केली होती. मागं दर्याप्पा बसला होता आणि दोघांच्या मध्ये, पोत्यात गळ्यापर्यंत घालून बांधलेली कुत्री. तिचं लांबोडकं तोंड तेवढं बाहेर होतं. मी अंगणात वाकळ पसरून टाके घालत होते. हातातली सुई तशीच धरून उठले आणि फटफटीच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले.

"कुठं न्हेतोस तिला?"

"हायवेला. धाब्यावर सोडतो. हाडकं-बिडकं मिळत्यात तिथं, जगंल."

"आन् न्हाय जगली तर?"

"तर न्हाय जगली. सर बाजूला, म्हाळू."

आण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ बिराप्पा. जतच्या अंगाला माळावर आमची वस्ती. माझ्या नवऱ्यानं दुसरी आणली, पंचांपुढं आमची काडीमोड झाली, तेव्हापासून मी आण्णाच्याच घरात राहत होते. काडीमोडीत पंच एक वाळली काडी मोडतात, एक तुकडा नवऱ्याच्या अंगाला टाकतात, एक बायकोच्या, की संपला संसार. बैठकीला जाताना आण्णानं मला वाटेतच बजावलं होतं, "तिथं एक शबुद बोलायचा न्हाईस. मी हाय न्हवं बोलायला?" मी पदर तोंडात धरून बसले. सख्खा थोरला भाऊ, आपलं वाईट कशाला करील, असं मनात आलं. आण्णा बोलला, पंच बोलले, नवराही बोलला. काडी मोडली आणि मी माघारी आले.

त्याच आठवड्यात ही कुत्री घरी आली. शर्यतीची, ग्रेहाऊंड. आमच्याकडं नुसतं विलायती म्हणायचे. कुठनं आणली विचारलं तर आण्णा म्हणाला, "मिळाली एका दोस्ताकडनं." पाण्याला जाणाऱ्या बायका तोंडाला पदर लावून म्हणायच्या, बिराप्पाच्या दावणीला दोन जनावरं एकदम आली बघा. मला ऐकू जाईल इतपत मोठ्यानं म्हणायच्या.

पण दोघींतली लाडकी ती होती, हे खोटं कशाला बोलू. तिला दूध, अंडी, तेलानं मालिश. जत्रेजत्रेत आण्णा तिला पळवायचा. शर्यतीत एक चिंध्यांचा ससा दोरीला बांधून फटफटीच्या चाकावर गुंडाळत ओढतात आणि त्याच्यामागं कुत्री सोडतात. कर्ण्यावर तिचं नाव 'वादळ' म्हणून पुकारायचे. दोन हंगाम ती पुढं राहिली आणि आण्णा गावात छाती काढून फिरला. मग एका जत्रेत तिचा पुढचा पाय मुरगळला. पाय बरा झाला, पण ती पहिल्यासारखी पुढं येईना. मागं पडलेलं विलायती कुत्रं आमच्याकडं कोणी पोसत नाही. ते राखण करीत नाही, भुंकतसुद्धा नाही, आणि खायला माणसाएवढं लागतं.

"मला दे ती," मी म्हटलं. "मक्यात डुकरं पडत्यात रोज. निम्मा मका लोळवला त्यांनी. हिला डुकरावर शिकवते."

दर्याप्पा फिदीफिदी हसला. त्याचं रान आमच्या रानाला लागून, आणि शर्यतीत तो आण्णाचा जोडीदार. "हिला डुक्कर दावलं तर जाग्यावर मुतंल की गं ती."

"ते माझं मी बघते. मका निघंस्तवर दे, आण्णा. न्हाय जमलं तर मीच जाऊन सोडती हायवेला."

आण्णानं जरा विचार केला. मका खरंच जात होता. त्यानं फटफटी बंद केली. "कर काय करायचं ती. पर कुठं शिकार म्हणू नगंस, फारेष्टवाले मला उचलतील. राखण म्हणायचं."

तिच्या कपाळावर पांढरा ठिपका होता. मी तिला टिकली म्हणायला लागले.

पहिले काही दिवस माझी अब्रूच गेली म्हणायची. आमचा गावठी कुत्रा ढाण्या, म्हातारा झाला होता, पण डुकराच्या वासानं अजून ताठ व्हायचा. त्याच्याबरोबर टिकलीला रानात न्यायची. बांधावरनं ससा उठला की ढाण्या धडपडत पळायचा, आणि ही बया खाली बसून त्या सशाकडं बघायची. जत्रेतल्या चिंध्यांमागं जीव खाऊन धावणारी, खरा ससा नाकासमोरनं गेला तरी उठायची नाही. मी 'छू' म्हणून घसा कोरडा केला. वैनी ताकाचा तांब्या घेऊन यायची आणि म्हणायची, "ह्या कुत्रीला बसवून खायाची सवय झाली. काई काई जणींना लागती." मी तांब्या तोंडाला लावला. तिच्या घरचंच ताक पीत होते.

मग एकदा गोठ्यात झाडायला गेले, तर टिकली खुंटीखाली उभी. मान वर, अंग थरथरतंय. खुंटीवर तिचं शर्यतीचं मुसकं टांगलेलं होतं. शर्यतीत कुत्री एकमेकांना फाडतात, म्हणून त्यांच्या तोंडाला चामड्याचं मुसकं घालतात, मळणीच्या बैलाला असतं तसंच, फक्त लहान. ते मी काढलं आणि तिनं स्वतःहून त्यात तोंड घातलं. पट्टा आवळल्याबरोबर तिचे डोळे बदलले. हीच का ती, असं वाटावं इतके.

तशीच रानात नेली. ससा उठला आणि टिकली सुटली. आईशप्पत सांगते, मी तसं पळणं अजून पाहिलं नाही. ढाण्या वळेपर्यंत ती सशावर होती. पण तोंड बांधलेलं. मुसक्यानं सशाला ढुसणी मारली, ससा कोलमडला, उठला आणि कुंपणात गेला. ही नुसतीच उभी राहिली, धापा टाकत.

मला तिथं कळलं. तिला कुणी तसंच वाढवलं होतं. तोंड बांधलं की पळायचं, तोंड सुटलं की खायचं आणि पडायचं. मुसक्यावाचून पळायचं असतं हे तिला ठाऊकच नव्हतं. मला तिचा राग आला, आणि मग रडूही आलं. कुत्रीसाठीच आलं असं त्या वेळी मी स्वतःला सांगितलं.

मुसकं घातलं तर पळणार पण धरणार नाही, काढलं तर पळणारच नाही. मी वाकळ शिवता शिवता ह्याच्यावरच विचार करायची. शेवटी उत्तर हातातच निघालं. चामडं काढून मी तिच्या तोंडाला लुगड्याची चिंधी बांधली. ती पळाली. चार दिवसांनी चिंधीच्या जागी वाकळेचा दोरा घेतला, दुपदरी. पळाली. मग एकपदरी, कच्चा, बोटानं ओढला तर तुटेल असा. नाकावरनं एकच वेढा आणि हनुवटीखाली सैल गाठ. तिला वाटायचं, तोंड बांधलंय. आणि ती सुटायची.

पहिल्यांदा ससा तिच्या जबड्यात आला तेव्हा दोरा टचकन तुटला आणि ती एवढी दचकली की ससा टाकून माझ्याकडं पळत आली. मी तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं. "अगं, तुझंच तोंड हाय ते," म्हटलं. "वापर की."

पुढचं ढाण्यानं शिकवलं. डुकराच्या सुळ्यापुढं जायचं नाही, मागनं जायचं, मांडीला चावायचं, सोडायचं, बाजूला व्हायचं. चावायचं आणि सुटायचं. म्हातारा होता तरी तेवढी विद्या त्याच्यात होती. टिकलीचं पळणं आणि त्याची अक्कल, दोघांनी मिळून आमच्या मक्यातली डुकरं ओढ्यापलीकडं घालवली. दाणे भरायला लागले तेव्हा आमच्या रानात मक्याचं एक ताट लोळलेलं नव्हतं, आणि दर्याप्पाच्या रानात बघवत नव्हतं.

मग काय, वादळ पुन्हा आण्णाची झाली. चावडीवर, चहाच्या टपरीवर, "आपल्या विलायतीनं डुकरं हाकलली." एका संध्याकाळी घरी येऊन म्हणाला, "म्हाळू, शर्यतीतले दोस्त यायचेत. ओढ्याच्या वेड्या बाभळीत डुकरं बसल्यात, सकाळी हाकं घालून उठवायची. वादळ नेणार."

"मी येती संगं."

"बाईमाणसाचं काय काम तिथं? शिकारीत बाईचा पाय नगं. तू सैपाक बघ. मटन हाय."

"मग नीट ऐक. मुसकं न्हाय घालायचं. दोरा बांधायचा, वाकळेचा, कच्चा. एकच वेढा. तिच्या तोंडानं तुटला पायजे."

"कळतंय."

"तुटला न्हाय तर ती मरंल, आण्णा. डुकरापाशी पोचणारी ती पैली आसती. ढाण्या मागनं येतो."

"आगं कळतंय म्हटलं न्हवं."

मी दोऱ्याची गुंडी त्याच्या सदऱ्याच्या खिशात घातली. खिशात सुतळीचं बंडल होतं, ते नेहमीच असायचं. आण्णा हंगामात द्राक्षबागांत काड्या बांधायला जायचा, तारेला एकेक काडी सुतळीनं आवळून. त्याच्या गाठीचं बागवाले कौतुक करायचे, वाऱ्यानं सुटत नाही म्हणून.

सकाळी तिघे पाहुणे जीपमधनं आले, पांढरेशुभ्र कपडे, गळ्यात जाड साखळ्या. टिकली निघताना दारात थांबली आणि माझ्याकडं वळून बघायला लागली. मी 'जा' म्हटलं. तिची ओढ डुकराकडं होती, ती मीच तर तिला लावली होती.

मी आणि वैनी भाकरी थापत बसलो. ओढ्याकडनं हाकाट्या ऐकू आल्या, डबे वाजले. मग सगळं गप झालं. वैनी म्हणाली, "पडलं वाटतं डुक्कर." माझा हात परातीतच राहिला.

दुपारी जीप आली. पाहुणे उतरले आणि ओसरीवर टेकले. त्यांच्यामागनं ढाण्या लंगडत आला आणि माझ्या पायांशी येऊन पडला. सगळ्यांत शेवटी आण्णा आणि दर्याप्पा पोतं धरून आले. तेच पोतं, हायवेचं.

"फाडली डुकरानं," आण्णा म्हणाला. "भित्री निघाली. तोंडच उघडलं न्हाय तिनं."

मी पोतं सोडलं. पोट उघडं पडलं होतं, त्याचं वर्णन करायला मला जमणार नाही. डोळे तसेच होते. आणि तोंडाला सुतळी. दोन वेढे, आवळून, नाकावरची केसं आत गेलेली. हनुवटीखाली गाठ होती, तारेला काडी बांधतात ती. सुतळीच्या काठाला तिच्या दातांचं रक्त लागलं होतं. तोडायला बघितलं होतं तिनं.

मी ती गाठ सोडवायला बसले. सुटेना. आण्णाची गाठ ती, कशी सुटणार.

"दर्याप्पा," मी म्हटलं, वर न बघता, "दोरा कुठं गेला?"

तो पायानं माती उकरायला लागला.

"तुझ्या रानातली डुकरं बी हिनंच हाकलली आसती उद्या. सांग."

"दोरा बांधला व्हता की," दर्याप्पा खालच्या आवाजात म्हणाला. "बिराप्पानंच बांधला. पर कुत्रीनं जांभई दिली, आन् तुटला. मंग ती बसली खाली. डुकरं उठली तरी ही बसलेली. आमी म्हटलं, आरं हे काय? तवा बिराप्पानं पुन्यांदा गुंडी काढली, तर..." त्यानं ओसरीकडं बघितलं. "पाव्हणं म्हणालं, बिराप्पा, तुजी कुत्री बायकांच्या दोऱ्यावर चालती का काय? हसली सगळी. मंग ह्यानं गुंडी दिली फेकून."

"आन् सुतळी काढली."

"पळाली मातुर लई," दर्याप्पा म्हणाला. "जनावर पळालं मातुर."

पाहुण्यांतला एक जण ओसरीवरनं म्हणाला, "जाऊ दे हो बाई, कुत्रं ते. जेवणाचं बघा, भुका लागल्यात." आण्णानं लगेच त्याच्या सुरात सूर मिळवला. "वाढ म्हाळू, ऊठ. पुरू तिला मागनं."

मी उठले नाही. "तुला सांगून धाडलं व्हतं, एकच वेढा म्हणून. कळतंय म्हणालास तू. चार माणसं हसली म्हणून तू तिचं तोंड आवळलंस?"

"पाव्हण्यांसमोर तोंड वर करून बोलू नगंस."

"माझ्या कुत्रीला मारलंस तू."

"तुझी?" आण्णाचं तोंड लालबुंद झालं. पाहुण्यांदेखत बहिणीनं जाब विचारला, ते त्याच्या डोक्यात गेलं होतं. "तुझी कधी झाली ती? तुझ्या काडीमोडीत आली व्हती, आली तशी गेली."

वैनी आतनं "अहो," म्हणाली. एवढंच म्हणाली, पण तिच्या आवाजावरनं मला कळलं, हिला आधीपासनं ठाऊक होतं.

"काडीमोडीत?" मी विचारलं.

आण्णा बोलून बसला होता. दर्याप्पा मान खाली घालून पोत्याची घडी करायला लागला, म्हणजे त्यालाही ठाऊक होतं. गावात बहुतेक सगळ्यांनाच ठाऊक असावं, पाण्याला जाणाऱ्या बायकांनासुद्धा.

"बोल की आता. कुणी दिली?"

"तुझ्या सवतीच्या बापानं," आण्णा म्हणाला. "त्याच्याकडं पुष्कळ हैत असली. पोरगी घरात गेली व्हती, पर लगीन लटकत व्हतं, तुझी काडी लौकर मोडली तर त्याला बरं पडणार व्हतं. त्यानं आपणहून दिली. मी मागितली न्हवती. आन् तसंही तिथं तुझं काय राह्यलं व्हतं?"

मग मला ती बैठक पुन्हा दिसली. पंच विचारत होते, "बाईचं काय म्हणणं?" आणि आण्णा माझ्या आधी उत्तर देत होता, "तिचं तेच म्हणणं, जे माझं." मी पदर दातात घट्ट धरून बसले होते. आण्णा हसत नव्हता, पण त्याला घाई होती. ती घाई कसली, ते मला इतक्या दिवसांनी कळत होतं. शर्यतीचा हंगाम तोंडावर आला होता.

ओसरीवर पाहुणे ताटाची वाट बघत बसले होते. मी त्यांच्याकडं वळले, आण्णाकडं नाही. आण्णाला सांगण्यासारखं काही राहिलं नव्हतं, पण समोर तीन माणसं होती, पंचांसारखीच ओळीनं बसलेली.

"मला नांदायचं व्हतं," मी म्हटलं. "सवत आसली तरी नांदायचं व्हतं. त्या घरच्या डाळिंबाची रोपं मी लावली व्हती, त्यांना पैला बहर लागला व्हता. मी तेच बोलणार व्हती. मला कुणी बोलू दिलं न्हाय."

पाहुण्यांना काही कळलं नाही. एकानं घड्याळ बघितलं. दुसरा उठला, मग तिघेही उठले, जीप गेली. मटण तसंच राहिलं. वैनीनं रात्री ते सगळ्यांना वाढलं आणि आण्णानं खाल्लं.

सुतळी मी विळ्यानं कापली. टिकलीला मक्याच्या बांधावर पुरलं, आणि तोंड मोकळं करून पुरलं. चामड्याचं मुसकं चुलीत घातलं, त्याचा घाण वास दोन दिवस घरात राहिला. वैनी कुरकुरली, तरी मी मुद्दाम दार उघडलं नाही.

मग मी आण्णाच्या घरातनं निघाले. लांब कुठं नाही, त्याच वस्तीच्या दुसऱ्या टोकाला, ढाण्याला घेऊन. वाकळा शिवून पोट भरलं. पोटापुरतं देणारी माणसं निघाली, नाही असं नाही. आण्णाशी मी बोलत नव्हते आणि तोही बोलत नव्हता. नवऱ्याकडं मी गेले नाही. मोडलेली काडी कुणी सांधत नाही, आणि त्याला तरी मी हवी होते कुठं. पण जी गोष्ट मी सांगायला हवी होती ती मी सांगितली, निदान एकदा. ऐकणाऱ्यांना कळली नाही, ह्याला माझा इलाज नव्हता.

पुढच्या हंगामाच्या तोंडावर आण्णा माझ्या दारात आला. हातात साखळी, साखळीला नवीन कुत्री, तांबूस, लांब पायांची. ढाण्या उठून बसला. आण्णा दारातच उभा राहिला. बरीच इकडची तिकडची विचारपूस केली, मग म्हणाला, "म्हाळू, हिला बी मुसक्याचीच सवय हाय. मोकळी पळत न्हाय. डुकरं पुन्हा मक्यात शिरल्यात. तो दोरा कसा बांधायचीस, दाव की जरा."

मी वाकळेवरनं मान वर केली नाही.

"सुतळी हाय की तुझ्या खिशात," मी म्हटलं.

ती तांबडी कुत्री माझ्या हातातल्या दोऱ्याकडं बघत होती. मग आण्णानं साखळीला हिसका दिला आणि दोघं निघून गेले.